कोणत्या बंदुकीची कोणती नळी

9 जानेवारी 2025, सेवाग्राम
बाबांचं कपाट आवरलं. वरच्या खणात खादी, सुताच्या गुंड्या. त्याखाली बंदुकीचा परवाना. बंदूक घरात नाही. बाबा दिवाळीनंतर गेले, तेव्हाच वर्ध्याच्या परवानाधारक दुकानात जमा केली. परवानाधारक गेला की हत्यार ठाण्यात नाहीतर अशा दुकानात ठेवावं लागतं. पावतीवर एवढंच: बारा बोर, दुनळी, एक नग.

10 जानेवारी
धाकट्याचा पुण्याहून फोन. नागपूरला घेणारा भेटलाय, त्याच्याकडे परवाना आहे. ‘दादा, नळ्यांमधल्या पट्टीवर कलकत्त्याच्या रॉडा कंपनीचं नाव आहे. अस्सल, मूळ स्थितीतली असेल तर भाव वेगळा देतो म्हणतो.’
मूळ स्थितीतली. रात्री तेच डोक्यात.

13 जानेवारी
दुकानात गेलो. सोबत वही, बॅटरी, भिंग, व्हर्नियर. दुकानदारकाकांनी बंदूक मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं दाखवलं, मगच हातात दिली. 
नळ्यांखालचं लाकूड काढलं. मग नळ्या. मग मागचा भाग, दस्त्यासकट. तीन तुकडे टेबलावर. लहानपणापासून ही बंदूक पाहतोय, अशी सुटी कधी पाहिली नव्हती.
चापाभोवतीच्या कडीची शेपटी दस्त्यात शिरते, तिथं आकडा: 2417. लाकडाच्या आतल्या लोखंडावर: 2417. नळ्यांच्या बुडाशी, सपाट भागावर: 6093.
पुन्हा पाहिलं. भिंगातून पाहिलं. 6093.
काका म्हणाले, जुन्या मालात असं असतं.

14 जानेवारी
संक्रांत. घरी तिळगूळ, पाहुणे. बंदुकीचं कुणाशी बोललो नाही.

16 जानेवारी
कागद चाळले. बाबांच्या परवान्यात क्रमांक 6093. त्याआधीचा आजोबांचा, म्हणजे आबांचा, 1963 सालचा. 1959 चा शस्त्र कायदा 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला, त्यानंतर नव्यानं दिलेला. त्यातही 6093.
तळाशी अजून एक, घडीवर फाटलेला. 1938. इंग्रजी हस्ताक्षर. क्रमांक 2417.
म्हणजे 1938 ते 1963 मध्ये कधीतरी नळ्या बदलल्या. कारकुनांनी समोर दिसला तो आकडा उतरवून घेतला.
धाकट्याला कळवलं नाही. आधी सगळं पाहून घेतो.

20 जानेवारी
परत दुकानात. आज फक्त शिक्के.
आकड्यांभोवती लाल काहीतरी साचलेलं. कुंकू. दर खंडेनवमीला बाबा बंदुकीला हळदकुंकू वाहायचे, त्यांच्याआधी आबा. नक्षीत, शिक्क्यांत बसलंय. काका म्हणाले, बफ मारून देतो, चकाचक होईल. नको म्हटलं. बफ मारला तर शिक्क्यांच्या कडा जातील, मग वाचायचं काय? मऊ ब्रश, थोडं रॉकेल, दाताची काडी. तासभर लागला.
विलायतेत बंदूक विकण्याआधी नळ्यांतून जास्तीचा बार काढून पाहतात. टिकल्या तर शिक्का. लंडनला एक चाचणीघर, बर्मिंगहॅमला दुसरं. बर्मिंगहॅमचं 1813 चं. शिक्के काळागणिक बदलत गेले.
मधल्या लोखंडी भागावर, नळ्या टेकतात तिथं: मुकुट, त्याखाली फुलीसारखे दोन राजदंड. बर्मिंगहॅम. ही खूण 1904 पर्यंतची.
नळ्यांवर: मुकुटाखाली बीपी, मुकुटाखाली बीव्ही, मुकुटाखाली एनपी. हेही बर्मिंगहॅम. पण 1904 नंतरचं. एनपी म्हणजे नव्या, बिनधुराच्या दारूची चाचणी.
जुन्या नळ्या नव्या दारूसाठी परत चाचणीला पाठवत, तेव्हा जुन्या शिक्क्यांशेजारी नवे बसत. इथं जुना शिक्का एकही नाही.
शरीर 1904 पूर्वीचं. नळ्या त्यानंतरच्या.

21 जानेवारी
हरभऱ्यात रात्री डुकरं शिरली. शेजारच्या वावरातला पोरगा जागलीला जातो, हातात बॅटरी आणि पत्र्याचा डबा. आबांच्या परवान्यावर कारण लिहिलंय: पीक संरक्षण.

23 जानेवारी
घोडे पाहिले.
डाव्या घोड्यावर पानांची नक्षी, कडेनं बारीक रेघ, झिजून गुळगुळीत. उजव्यावर नक्षी नाही. अंगठा टेकतो तो भाग जाड. कानशीच्या रेघा अजून दिसतात. खांदा न जुळणारी बैलजोडी. उजवा घोडा सुईच्या मधोमध पडत नाही, कडेला पडतो. सुईच्या डोक्यावर एका बाजूला चपटेपणा.
आयटीआयत फिटर ट्रेडच्या मुलांना पहिल्या वर्षी हेच सांगायचो: तयार वस्तू बघू नका, हत्याराची खूण बघा. कानस कुठून कुठे गेली ते बघा.
स्क्रू पाहिले. चांगल्या कारागिराच्या बंदुकीत स्क्रूच्या खाचा नळीच्या रेषेत एका दिशेला येतात. तो स्क्रू पूर्ण आवळूनच मग खाच कापतो. इथं खालचे दोन तसे आहेत. बाजूच्या पट्टीचा एक आडवा, खाच फाटलेली. कुणीतरी चुकीचा पेचकस लावला. दस्त्याच्या बुडाच्या पत्र्यावर दोन स्क्रू, त्यातला एक फुलीच्या डोक्याचा. फुलीचे स्क्रू अमेरिकेत निघाले 1930 नंतर.

26 जानेवारी
झेंडावंदन. नातवंडांचा फोन.

27 जानेवारी
दस्त्याचं लाकूड. पुढं अक्रोड, काळसर, रेघा तिरप्या. मनगटाच्या मागे, जाळीदार कोरीवकामाखाली रेघा अचानक तुटतात. पुढे सागवान. सांधा इतका नेटका की बोटाला लागत नाही. सुतार इथलाच असणार. त्याच्याकडे अक्रोड कुठून येणार? साग दारात.
हे काम पाहून बरं वाटलं. उजव्या घोड्याचं पाहून वाटलं नव्हतं.

30 जानेवारी
आश्रमात सूतकताई, प्रार्थना. बाबांचा चरखा घेऊन गेलो. सूत तुटत राहिलं.
हातांना चरख्याचं तेल, डोक्यात बंदुकीचे आकडे. आजच्याच दिवशी बापूंवर ज्यातून गोळ्या झाडल्या, त्या पिस्तुलाचाही आकडा होता. बेरेटा, 606824. नोंदीत आहे. आकड्यामुळे हत्यार ओळखता येतं, ते कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेलं ते शोधता येतं. म्हणून आकडा खोडायचा नाही. आज हे जास्त जड वाटलं.
ही म्हणाली, बापूंनी 1930 मध्ये व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मुद्द्यांत एक बंदुकीच्या परवान्यांचा होता. स्वसंरक्षणासाठी परवाने मिळावेत, त्यावर लोकांचं नियंत्रण असावं. मला माहीत नव्हतं. म्हणाली, ‘शस्त्र ठेवणं न ठेवणं आपल्या हाती असावं, असं ते म्हणत होते. तू ठरव.’

3 फेब्रुवारी
नळ्यांची तोंडं.
सुताची दोरी हुकात घालून नळ्या टांगल्या, बोटाच्या पेरानं टकटक केलं. घट्ट जोडाच्या नळ्या लांब निनादतात. या बद्द वाजल्या. मधली पट्टी कुठंतरी सुटलीय.
तोंडाशी दोन नळ्या एकमेकींना टेकायला हव्यात. बुडाशी जाड, तोंडाकडे निमुळत्या, म्हणून टोकाला चिकटतात. इथं दोघींमध्ये फट. फटीत शिसं ओतून कानशीनं सपाट केलंय.
लांबी साडेसव्वीस इंच. त्या काळी बारा बोरच्या नळ्या बहुधा तीस इंची असत.
डाव्या नळीच्या बुडाशी शिक्का आहे: चोक. चोक म्हणजे तोंडाशी शेवटचे दोन-तीन इंच किंचित आवळलेले, छर्रे लांबवर एकत्र राहावेत म्हणून. व्हर्नियर लावला. तोंडाशी 18.5 मिलिमीटर. आतही तेवढंच. बारा बोरचं मापच ते: पौंडभर शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एका गोळीची जाडी. आवळणूक नाही.
शिक्का म्हणतो चोक आहे. तोंड म्हणतं नाही. नळी कापलीय.
काका गप्प झाले. मग म्हणाले, परवाना नसताना नळी कापणं गुन्हा आहे, कलम 6. तुमच्या आबांनी कापली की आधीच्या कुणी?
काय सांगणार.

4 फेब्रुवारी
झोप नीट नाही.

6 फेब्रुवारी
बंदूक जोडून खिडकीसमोर धरली. नळ्यांचं बूड आणि मागची भिंत यांच्यामध्ये उजेडाची रेघ. फीलर गेज आत गेला. खालच्या हुकाच्या पोटात पितळेची पातळ पट्टी, झाळून बसवलेली. दुसऱ्या बंदुकीच्या नळ्या इथं बसवायच्या, मग हूक कानसायचा, जास्त कानसला की पितळ भरायचं.
नळ्या फिरवून लावायची कळ खाली, चापापुढे. हेन्री जोन्सचं 1859 चं पेटंट. पुढे पन्नास वर्षं स्वस्त-महाग दोन्ही बंदुकांत ती येत राहिली. दुहेरी पकड हेच तिचं नाव. इथं पकड पितळेवर.
हिच्यातून बार काढायचा नाही. कधीच नाही. वहीत लाल पेनानं लिहिलं.

7 फेब्रुवारी
नळ्यांखालचं लाकूड परत पाहिलं. लोखंड 2417, म्हणजे मूळचं. लाकूडही मूळचं, अक्रोड. डाव्या बाजूला खोल चीर, चिरेभोवती काळं जळकं. वरून लाखेचं पॉलिश.
डावा हात इथं असतो.
घरी येऊन आबांचा फोटो काढला. सेलूच्या वाड्यातला, मालगुजारांच्या शेजारी उभे. डावा हात शालीत. सगळ्याच फोटोंत शालीत. घरात सांगत, बोरच्या जंगलात बिबट्यानं बोटं नेली.

8 फेब्रुवारी
सेलूला आत्याकडे. वय झालंय, ऐकू कमी येतं, आठवण शाबूत.
‘काऊन रे, आता काऊन पायतं त्या बंदुकीकडं?’
विचारलं, आधीच्या नळ्या कशा होत्या.
‘नक्षी होती ना तिच्यावर. नदीतल्या पान्यावानी लहरी. मी लहान होती, बोट फिरवत बसायची.’
दमास्कस. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून केलेली नळी. लहरी त्या पिळाच्या.
मग हाताचं विचारलं. आत्या बराच वेळ बोलली नाही. सुनेनं चहा आणला, तो तिनं तसाच ठेवला.
‘बिबट्या नव्हता बाप्पा. पण शिकाऱ्याचा हात बिबट्यानं नेला म्हटलं की लोक मान देतात.’

9 फेब्रुवारी
दमास्कसच्या सगळ्या नळ्या फुटत नाहीत. नव्या दारूच्या चाचणीला उतरलेल्याही पुष्कळ आहेत. नळी आतून गंजलेली असते, पावसात चिखल अडकलेला असतो, जुन्या दारूच्या नळीत नवं जोरकस काडतूस जातं. तेव्हा फुटते, बहुधा डाव्या तळव्याच्या वर.
आबांच्या वेळी यातलं काय झालं ते सांगायला कुणी उरलं नाही.
फुटल्यावरही त्यांनी बंदूक टाकली नाही. दुसऱ्या नळ्या मिळवल्या. परत जागलीला गेले.

10 फेब्रुवारी
मालगुजारी गेली 1951 मध्ये. वाडे रिकामे झाले, बंदुका विकल्या गेल्या, जुन्यातून जुनं जोडलं गेलं. रॉडाचं नाव असलेल्या नळ्या अशाच कुठल्या वाड्यातून आल्या असणार.
रॉडा स्वतः नळ्या घडवत नसे. बर्मिंगहॅमहून माल यायचा, वर नाव त्यांचं. याच रॉडाकडे आलेल्या मालातून 26 ऑगस्ट 1914 ला क्रांतिकारकांनी 50 माउझर पिस्तुलं आणि 46,000 गोळ्या पळवल्या. धाकट्याला तेवढंच माहीत आहे, म्हणून त्याला नावाचं मोल.
नाव खरं आहे. पण ते नळ्यांचं नाव, बंदुकीचं नाही.

11 फेब्रुवारी
जमनालालजी बजाज यांची पुण्यतिथी. 1942. हे गावही त्यांच्याच मालगुजारीत होतं, तेव्हाचं शेगाव. बाबा त्यांचं नाव निघालं की उठून बसायचे.

17 फेब्रुवारी
जिल्हाधिकारी कार्यालय. शस्त्र परवाना शाखा. 2016 च्या नियमांत वारसाला परवाना मागता येतो. अर्जात बंदुकीचा क्रमांक एकच रकाना.
बाईंना सांगितलं, आकडे दोन आहेत. त्यांनी मान वर केली. म्हणाल्या, दोन्ही लिहा, वेगळा कागद जोडा, कुठल्या भागावर कुठला ते लिहा. खाडाखोड नको.
जुन्या परवान्याची झेरॉक्स, फोटो, सगळं त्यांनी ठेवून घेतलं.
बाहेर बाकावर एक गृहस्थ भेटले. आर्वीकडचे. त्यांच्या घरीही अशीच दुनळी. म्हणाले, आमच्या मिस्त्रीनं नळीवरचा आकडा कानसून परवान्यातला आकडा ठोकून दिला, काम सोपं झालं. 
अंगावर काटा आला. कलम 8: हत्यारावरचं नाव, आकडा, खूण खोडणं, बदलणं, खोटी मारणं गुन्हा. खोडलेल्या आकड्याचं हत्यार ज्याच्याकडे सापडेल, त्यानंच खोडलं असं धरतात. त्यांना तिथंच बसून समजावलं. वकिलाला विचारा, ठाण्यात स्वतःहून सांगा.
ऐकतील असं वाटतं.

19 फेब्रुवारी
आणखी एक. लोक म्हणतात, शंभर वर्षांची झाली की परवाना नको. तसं नाही. कलम 45 नुसार सूट मिळते ती बार काढूच न शकणाऱ्या, दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्याराला. काडतुसाची दुनळी, नुसती जुनी, त्यात बसत नाही.

26 फेब्रुवारी
महाशिवरात्र. रस्त्याकडेला पळस पेटलाय. आत्याचा निरोप: तुला सांगितलं ते पोरांना सांग, आता लपवायचं काय.

3 मार्च
धाकट्याला सगळं सांगितलं. फोटो पाठवले. दोन आकडे, दोन काळांचे शिक्के, कापलेली तोंडं, पितळ, दोन घोडे, सागाचा दस्ता.
‘दादा, एवढं बघतो कोण? घेणारा पट्टीवरचं नाव बघेल.’
म्हटलं, घेणारा हौशी आहे. एखाद्या दिवशी काडतूस घालेल. आज बाजारात मिळणारी बहुतेक काडतुसं 70 मिलिमीटरची. हिची खोली मी मोजली, 65. जास्त लांबीचं काडतूस आत बसतं, फुटल्यावर त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही, दाब चढतो. तोही या पितळेवर.
पलीकडून काही नाही.
मग आबांच्या हाताचं सांगितलं.

5 मार्च
धाकट्याचा फोन सकाळीच. ‘तू म्हणतोस तसं लिहून दे. त्या माणसाला मी नाही म्हणतो.’

8 मार्च
लिहायला बसलो. घरातल्या मुलांसाठी, कार्यालयासाठी आणि पुढे ज्याच्या हाती जाईल त्याच्यासाठी. नागपूरच्या अजब बंगल्याला विचारायचं ठरवलं. मध्यवर्ती संग्रहालय, 1863 चं, हत्यारांचं दालन आहे. घेतील तर परवानगी काढून देऊ, नाही तर कायद्याप्रमाणे निकामी करून घेऊ. दोन्ही वेळी हा कागद सोबत.

13 मार्च
होळी. पोरं ढोल घेऊन दारात.

17 मार्च
कागद पूर्ण झाला. प्रत इथं चिकटवतो.

‘बारा बोर, दुनळी, बाहेरचे घोडे. ही बंदूक एक नाही, निदान दोन बंदुकांची आहे.
मधला लोखंडी भाग, चापाची कडी, डावा घोडा, दस्त्याचा पुढचा अक्रोड, नळ्यांखालचं लाकूड: मूळ, क्रमांक 2417, बर्मिंगहॅम, 1904 पूर्वीचं.
नळ्या: दुसऱ्या बंदुकीच्या, क्रमांक 6093, बर्मिंगहॅम, 1904 नंतरच्या, पट्टीवर रॉडा, कलकत्ता. 1938 ते 1963 मध्ये बसवलेल्या. तोंडाकडून कापलेल्या, कुणी व केव्हा ते ठाऊक नाही. मधला जोड सैल.
उजवा घोडा, दस्त्याचं मागचं सागवान, एक स्क्रू, हुकातलं पितळ: इथल्या कारागिरांचं.
नळ्यांखालच्या लाकडावर जळल्याची खूण आहे. ती पॉलिश करून घालवू नये.
कोणताही आकडा, शिक्का घासू नये, नवा मारू नये.
ही बंदूक मूळ स्थितीतली म्हणून विकू नये. हिच्यात काडतूस भरू नये.’

वाड्यावाड्यांत अशा दुनळ्या आहेत. ज्यांच्या घरी असेल त्यांनी परवान्यातला आकडा आणि लोखंडावरचा आकडा एकदा दुकानात नेऊन ताडून घ्यावा, आणि जे दिसेल ते लिहून ठेवावं.